तुकड्यासोबत रुग्णाची हकीकतही पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोग नसताना कर्करोगाचा अहवाल दिला गेला किंवा असलेला कर्करोग तपासणीत सापडलाच नाही, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतात आणि प्रयोगशाळेच्या हलगर्जीपणावर बोट ठेवून विषय तिथेच संपतो. शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान लिहिणे हे माझे तीस वर्षांचे काम आहे, आणि त्यातही प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांतील पुरःस्थ ग्रंथी, आणि मूत्राशय या दोन अवयवांचे तुकडे मी सर्वाधिक पाहिले आहेत. हलगर्जीपणा कुठेच नसतो असे मी म्हणणार नाही. परंतु या दोन अवयवांच्या बाबतीत ज्या चुका मी पाहिल्या, आणि ज्या माझ्या हातून होता होता राहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ निराळे होते. तुकडा ज्या माणसाचा होता, त्या माणसाविषयी तपासणाऱ्याला जवळजवळ काहीही सांगितलेले नव्हते. ही उणीव भरून काढायला नवे यंत्र लागत नाही की मोठा खर्च येत नाही, आणि म्हणूनच ती तशीच राहू द्यावी हे मला असह्य वाटते.

बायोप्सीचा अहवाल रक्तातील साखरेच्या आकड्यासारखा यंत्रातून छापून बाहेर येतो, असा समज चांगल्या शिकलेल्या माणसांचाही असतो. प्रत्यक्षात प्रोस्टेटमधून विशिष्ट सुईने साधारणपणे १२ ठिकाणचे धाग्यासारखे तुकडे घेतले जातात. प्रत्येकाची लांबी एक ते दीड सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम एक मिलिमीटर. ते फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणाच्या ठोकळ्यात बसवून, त्या ठोकळ्याचे मायक्रोटोमवर सुमारे ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चौपट, इतक्या जाडीचे काप काढले जातात. ते काचेवर घेऊन रंगवले जातात आणि मग एक माणूस आपल्या डोळ्यांनी ते पाहून आपले मत लिहितो. बाराही तुकडे एकत्र धरले तरी त्या ग्रंथीचा शेकडा एक भागही आमच्यासमोर आलेला नसतो. एवढ्याशा ऊतीवरून एखाद्याचा अवयव काढायचा की ठेवायचा हे ठरते, तेव्हा तिच्यासोबत येणारा कागद कोरा असणे परवडणारे नाही.

तो कागद म्हणजे तपासणीचा फॉर्म. त्यावर नाव, वय, अवयव यांच्याखाली 'रोगाची माहिती' असा एक रकाना असतो. काही वर्षांपूर्वी एका साठीतल्या गृहस्थांच्या प्रोस्टेटचे तुकडे माझ्याकडे आले, तेव्हा त्या रकान्यात 'पीएसए वाढलेले' एवढेच दोन शब्द होते. पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते प्रथिन, ज्याचे रक्तातले प्रमाण मोजले जाते. स्लाइडवर प्रोस्टेटच्या आतल्या सूक्ष्म ग्रंथींची नेहमीची रचना मोडून गेलेली होती आणि तिच्या जागी फिकट, सुट्या, एकेकट्या पेशी पसरलेल्या होत्या. ग्रंथी न बनवता असे सुटे पसरणे ही प्रोस्टेटच्या सर्वांत आक्रमक कर्करोगाची खूण मानली जाते. एमआरआयमध्येही मोठा संशयास्पद भाग दिसलेला होता आणि बोटाने तपासताना ग्रंथी कडक लागली होती, असे नंतर कळले. म्हणजे सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते. मी अहवालाचा मसुदा लिहिलासुद्धा. सही करण्यापूर्वी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला स्लाइड दाखवली आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "यांना मूत्राशयात बीसीजी दिलेले आहे का?"

मला ते ठाऊक नव्हते. पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, तेव्हा कळले की दीड वर्षापूर्वी मूत्राशयातील गाठ काढून त्यांना बीसीजीचा पूर्ण क्रम दिलेला होता. क्षयाच्या लशीत वापरले जाणारे हेच क्षीण केलेले जंतू मूत्राशयात सोडले, तर अस्तरातला कर्करोग परत येण्याचे प्रमाण कमी होते, हे १९७६ पासून माहीत आहे आणि आज तो उपचार सर्रास केला जातो. मूत्रमार्ग प्रोस्टेटमधूनच जात असल्याने ते जंतू तिथेही पोचतात आणि काही रुग्णांत क्षयासारखी दाहप्रक्रिया सुरू करतात. त्या दाहाने पीएसए वाढते, ग्रंथी कडक होते, एमआरआय बिघडलेला दिसतो. मी ज्या पेशींना कर्करोगाच्या समजत होते त्या भक्षकपेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी, होत्या. ग्रंथींच्या आणि त्यांच्या कर्करोगाच्या पेशींत असणारे केराटिन हे प्रथिन दाखवणारे रंजन केले, ते त्या पेशींनी घेतले नाही. भक्षकपेशी ओळखणारे सीडी६८ हे रंजन केले, ते त्यांनी ठळकपणे घेतले. कर्करोग नव्हताच. त्या गृहस्थांना किरणोपचार आणि हार्मोन दाबणारी इंजेक्शने सुरू झाली असती. फॉर्मवर 'बीसीजी दिलेले आहे' असे लिहिले असते, तर तो मसुदा मी लिहिलाच नसता.

हा प्रसंग विरळा म्हणून सोडून देता येत नाही, कारण प्रोस्टेटमध्ये कर्करोगाचे सोंग घेणाऱ्या निरुपद्रवी स्थिती अनेक आहेत. निरोगी ग्रंथींना पेशींचे दोन थर असतात: आतला स्राव तयार करणाऱ्या पेशींचा आणि त्याला बाहेरून वेढणाऱ्या आधारपेशींचा. कर्करोगात बाहेरचा थर नाहीसा होतो आणि आमचे बहुतांश निदान यावर उभे असते. आधारपेशी दाखवण्यासाठी पी६३ आणि उच्च रेणुभाराचे केराटिन, तर कर्करोगपेशी दाखवण्यासाठी रेसिमेज, असे तिहेरी रंजन आज पुष्कळ ठिकाणी उपलब्ध आहे आणि त्याने काम सोपे झाले आहे. पण त्यामुळे एक नवा धोकाही आला आहे. ग्रंथी अंशतः आकसल्या असतील किंवा ॲडिनोसिस नावाची सौम्य वाढ असेल, तर आधारपेशींचा थर तुटक असतो, आणि सुईच्या तुकड्यात नेमक्या आलेल्या चार-पाच ग्रंथींमध्ये तो दिसतच नाही, असे होते. अशा ग्रंथी रेसिमेजही थोडेफार घेतात. उलट बाजूला काही खऱ्या कर्करोगांत रेसिमेज उमटत नाही. साध्या रंजनातील स्लाइड नीट न वाचता थेट विशेष रंजनातला तपकिरी रंग शोधू लागणारा दोन्ही बाजूंनी फसतो, आणि तरुण सहकाऱ्यांमध्ये ही सवय वाढताना पाहून मला काळजी वाटते.

सुई कधीकधी प्रोस्टेटला लागून असलेल्या शुक्राशयात, म्हणजे वीर्यातला द्रव तयार करणाऱ्या पिशवीत, शिरते. तिथल्या पेशींची केंद्रके वयाबरोबर मोठी, काळी आणि वेडीवाकडी होतात, इतकी की शिकाऊ डॉक्टर घाबरून जातो. पण त्याच पेशींत सोनेरी-तपकिरी कणांचा रंग साठलेला असतो आणि तो पाहणाऱ्याला सावध करतो. किरणोपचार झालेल्या प्रोस्टेटमधल्या निरोगी पेशीही अशाच भयावह दिसतात. इथेही पुन्हा तेच: किरणोपचार झाले होते हे आम्हाला कोणी सांगणार का?

कर्करोग निसटण्याची बाजू याहून शांत, म्हणून अधिक धोक्याची. फेसाळ पेशींचा कर्करोग किंवा आकसलेल्या ग्रंथींसारखा दिसणारा कर्करोग कमी मोठेपणाच्या भिंगातून इतका निरागस दिसतो की घाईत असलेली नजर त्यावरून सरकून जाते. हार्मोन दाबणारे उपचार घेतलेल्या रुग्णात तर कर्करोगपेशी आक्रसून विखुरतात आणि दाहपेशींत मिसळून जातात. प्रोस्टेट वाढल्यावर दिली जाणारी फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. ती चालू असलेल्या माणसाचा ३ हा आकडा ६ समजून वाचायचा असतो. हे औषध चालू आहे हे रुग्णाने सांगितले नाही, तर चूक बायोप्सीच्या आधीच होऊन बसते.

कधी संशयास्पद ग्रंथी असतात, पण इतक्या थोड्या की प्रामाणिकपणे हो किंवा नाही म्हणता येत नाही. अशा वेळी 'संशयास्पद, परंतु निश्चित निदानास अपुरे' असे लिहिण्याची मान्य पद्धत आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. ठोकळ्यातून आणखी खोल काप घ्यावेत, पहिल्याच वेळी मधले काही काप न रंगवता राखून ठेवलेले असावेत, म्हणजे विशेष रंजन करण्याची वेळ आली तेव्हा तो इवलासा भाग कापून संपलेला नसतो. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर पुन्हा बायोप्सीचा सल्ला द्यावा. रुग्णाला हा अहवाल अर्धवट वाटतो आणि तो चिडतो. त्याची अस्वस्थता मला समजते, तरीही खोट्या खात्रीपेक्षा तो अहवाल मी शंभर वेळा पत्करीन.

कर्करोग ठरल्यावर त्याची प्रत ठरवतानाही चूक होते. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत सुधारणांसह आजही जगभर वापरली जाते. ग्रंथींची रचना जितकी बिघडलेली तितका मोठा अंक देऊन, सर्वाधिक दिसणाऱ्या रचनेचा अंक आधी आणि दुसऱ्या रचनेचा नंतर लिहून त्यांची बेरीज केली जाते. ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३ यांची बेरीज सारखीच, पण दुसऱ्या रुग्णाचा रोग अधिक आक्रमक असतो, म्हणूनच २०१४ नंतर या दोघांना पाच गटांच्या नव्या मांडणीत वेगळे गट मिळाले. तिरप्या कापामुळे सुट्या ग्रंथी एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात आणि ३ ऐवजी ४ लिहिला जातो. त्या एका अंकाने, ज्याला नियमित देखरेखीखाली ठेवता आले असते तो माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊ शकतो.

मूत्राशयाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते स्नायूविषयी. लघवीतून रक्त येते, दुर्बिणीतून गाठ दिसते, ती विद्युत्-तारेने खरवडून काढली जाते आणि तिचे तुकडे आमच्याकडे येतात. गाठ फक्त अस्तरात आहे की त्याखालच्या सैल थरात उतरली आहे की मूत्राशयाच्या जाड स्नायूत घुसली आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. पहिल्या दोन अवस्थांत मूत्राशय राखून उपचार करण्याचा प्रयत्न असतो. स्नायूत घुसली असेल, तर बहुधा मूत्राशय काढण्याचा निर्णय होतो, पुरुषांत सोबत प्रोस्टेटही जाते, आणि लघवीसाठी आतड्याचा तुकडा वापरून नवी वाट करावी लागते. पण सैल थरातही स्नायूच्या बारीक, तुटक तारा असतात. मूत्राशयात त्या असतात याकडे वैद्यकाचे नीट लक्ष १९८०च्या दशकातच गेले. तपासणाऱ्याने या बारीक तारांना जाड स्नायू समजले, तर ज्या माणसाचे मूत्राशय वाचू शकले असते त्याचे ते काढले जाते. जाड स्नायूला बारीक समजले, तर घुसलेला रोग तसाच मागे राहतो.

दुसरीकडून मत घेण्यासाठी आलेल्या एका रुग्णाच्या स्लाइड मी पाहिल्या होत्या. 'स्नायूत प्रवेश' असा अहवाल होता आणि शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. करपलेल्या तुकड्यांमध्ये गाठीभोवती जो स्नायू होता तो विरळ, लहरी, रक्तवाहिन्यांच्या सोबतीने जाणारा होता. जाड जुडगे कुठेच नव्हते. मी लिहिले की या तुकड्यांत मूत्राशयाचा जाड स्नायू आलेलाच नाही, पुन्हा खरवडून पाहावे. काही आठवड्यांनी पुन्हा तुकडे आले. स्नायू भरपूर होता आणि रोगमुक्त होता. पहिला अहवाल लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण विजेने भाजलेल्या ऊतीत हा भेद करणे कोणालाही जड जाते. पण 'स्नायू आहे, तो कोणता हे सांगता येत नाही' असे लिहिण्याची मुभा त्यालाही होती.

स्नायूच नसलेल्या तुकड्यांवरून 'स्नायूत प्रवेश नाही' असे लिहिणे ही तर अगदी वरवर पाहता निर्दोष वाटणारी चूक आहे. वाक्य खरे असते, पण वाचणाऱ्याला धीर देऊन जाते, आणि तो धीर निराधार असतो. 'जाड स्नायू नमुन्यात आलेला नाही' हे वाक्य अहवालात स्वतंत्र ओळीवर हवे. शल्यचिकित्सकांनी गाठीच्या तळाचा भाग वेगळ्या बाटलीत पाठवला तर आमचे अर्धे काम होते. चरबी दिसली म्हणून रोग मूत्राशयाबाहेर गेला असे मात्र कोणी समजू नये, कारण चरबी मूत्राशयाच्या भिंतीच्या सर्व थरांत असू शकते.

अस्तरातच पसरणारा सपाट कर्करोग वेगळ्या प्रकारे चकवतो. त्याच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. बायोप्सीचा चिमटा लागताच त्या गळून पडतात आणि आमच्या हाती अस्तर नसलेला उघडा तुकडा येतो. त्याला 'कर्करोग आढळला नाही' म्हणण्याऐवजी अस्तर गळून गेले आहे असे लिहावे आणि लघवीतील पेशींची तपासणी मागवावी, कारण गळलेल्या पेशी तिथे सापडतात. उलट, बरेच दिवस लघवीची नळी (कॅथेटर) असलेल्या रुग्णाच्या मूत्राशयात सुजेमुळे बोटांसारखे उंचवटे येतात आणि ते झाडासारख्या फुटणाऱ्या कर्करोगाची आठवण करून देतात. नळी होती हे फॉर्मवर हवे. मुतखडा, केमोथेरपी, किरणोपचार हेही हवे.

मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली गाठ कधी मूत्राशयाची नसून खालून वर आलेली प्रोस्टेटची असते. दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे, एकात हार्मोन दाबायचे तर दुसऱ्यात केमोथेरपी किंवा मूत्राशय काढणे. आक्रमक झाल्यावर दोन्ही कर्करोग सारखेच दिसतात. अशा वेळी पीएसए आणि एनकेएक्स३.१ ही प्रोस्टेटची, तर गाटा३ आणि पी६३ ही मूत्राशयाची बाजू घेणारी रंजने एकत्र करावीत. एकट्या गाटा३ वर विसंबू नये. पॅरागँग्लिओमा ही मूत्राशयाच्या भिंतीतली विरळ गाठही तो रंग घेते. लघवी करताना डोके दुखते, धडधडते, रक्तदाब चढतो, ही त्या गाठीची जुनी ओळख. पण ही तक्रार ऐकलेल्या डॉक्टरांनी ती लिहून पाठवली तरच आमच्यापर्यंत पोचते.

बाटल्यांची अदलाबदल हा विषय मी थोडक्यात मांडते, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. ड्युटास्टेराइडच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बायोप्सींची डीएनए पडताळणी केली, तेव्हा काही तुकडे ज्याच्या नावावर होते त्याचे नव्हतेच, असे आढळले. काटेकोर देखरेखीखालच्या अभ्यासात हे होत असेल, तर रोजच्या घाईत होणार नाही असे मानता येत नाही. बाटलीवर चिठ्ठी रुग्णासमोरच लावावी आणि अहवाल रुग्णाच्या परिस्थितीशी अजिबात जुळत नसेल, तर ही शक्यता सर्वांत आधी तपासावी.

आता दुसऱ्या मताविषयी. १९९६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून एक अहवाल प्रसिद्ध झाला होता. प्रोस्टेट काढण्यासाठी तिथे पाठवलेल्या ५३५ पुरुषांच्या बाहेरून आलेल्या बायोप्सी शस्त्रक्रियेआधी पुन्हा पाहिल्या, तेव्हा ७ जणांना कर्करोग नाही असे ठरले. प्रमाण शंभरात एकाहून थोडे जास्त. आकडा लहान वाटतो, पण त्या सातांपैकी एक आपले वडील असतील अशी कल्पना केली, तर तो लहान राहत नाही. अवयव काढण्यापूर्वी स्लाइड दुसऱ्या डोळ्यांनी पाहिल्या जाव्यात, असे माझे ठाम मत आहे, आणि या दोन अवयवांचे तुकडे रोज पाहणारे डोळे मिळाले तर उत्तम. पुष्कळ रुग्णांना वाटते की असे विचारल्याने आपले डॉक्टर दुखावतील. चांगला पॅथॉलॉजिस्ट दुखावत नाही. मी स्वतः स्लाइड शेजारच्या टेबलावर नेते हे वर सांगितलेच आहे. यात वेळ जातो हा आक्षेप मात्र रास्त आहे. प्रोस्टेटच्या बहुतेक कर्करोगांत दोन-तीन आठवड्यांनी बिघडत नाही. स्नायूत घुसलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगात महिने घालवणे धोक्याचे असते, म्हणून तिथे दुसरे मत काही दिवसांतच मिळाले पाहिजे, आणि प्रयोगशाळांनी अशा विनंत्यांना रांगेत पुढे घेतले पाहिजे.

मूत्रविकारतज्ज्ञ बंधुभगिनींना माझी विनंती आहे की फॉर्मवरचा तो रकाना त्यांनी स्वतः भरावा, कोणाकडून भरून घेऊ नये. पूर्वीची गाठ, बीसीजी, किरणोपचार, केमोथेरपी, नळी, चालू औषधे, दुर्बिणीतून काय दिसले, एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. रुग्णांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी बायोप्सीच्या दिवशी ही माहिती एका कागदावर लिहून न्यावी आणि 'हे तपासणीसोबत पाठवाल का?' असे विचारावे. मूत्राशयाची गाठ काढल्यावर अहवाल हाती आला की त्यात जाड स्नायू आला होता का ते पाहावे, उल्लेख नसेल तर विचारावे. मूळ स्लाइड आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात. दुसऱ्या मतासाठी त्यांची मागणी करता येते, आणि ती करताना संकोचू नये. त्या गृहस्थांच्या बाबतीत माझ्या हाती एक फोन होता आणि पलीकडे तो उचलणारे डॉक्टर होते. आजही माझ्यासमोर येणाऱ्या कित्येक फॉर्मवर तो रकाना रिकामा असतो, आणि मी फोन उचलते.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट